यावेळी तूही उतरायचं

अगं ये, जरा जवळ ये आणि कान इकडे कर. तू तिकडे दुबईत, मी इथे डोंबिवलीत, तरी तुझा कान धरता येतो मला. लहानपणापासून धरत आलेय. काय ऐकतेय मी? हनोईला जाताना बँकॉकला अख्खा दिवस हातात होता आणि बाईसाहेब खुर्चीत बसून मोबाईल चार्ज करत होत्या! वर गेल्या महिन्यात मुंबईला उतरलीस, सकाळपासून संध्याकाळपर्यंत विमानतळासमोरच्या हॉटेलात झोपलीस आणि पुढे बंगलोरला गेलीस. तुझ्या आईनं सांगितलं तेव्हा मी म्हटलं, हिची मावशी मेली की काय?

रागावू नकोस. तुला बोलायचा मला काही हक्क नाही खरं तर. जन्मभर मीही तुझ्यासारखीच, न उतरणारी.

आमचे हे मात्र गाडी थांबली की उतरणारे. भुसावळला माझ्या सासरी जायचो तेव्हा गाडी पुरती थांबायच्या आत ह्यांची चप्पल फलाटावर. इगतपुरीला वडे, मनमाडला चहा, कुठे पेरू, कुठे मीठ लावलेली काकडी. बाटली भरायची, हमालाशी दोन गोष्टी बोलायच्या, स्टेशनाबाहेर डोकावून गाव कसं आहे ते बघून यायचं. एमआयडीसीत रंगाच्या कारखान्यात वर्षानुवर्षं एकाच यंत्रापुढे उभा राहणारा माणूस, त्याला गाडी थांबली की पंख फुटायचे. आणि मी? मी खिडकीत. त्यांच्या जागेवर त्यांचाच निळ्या चौकड्यांचा रुमाल पसरायचा, पायाखाली ट्रंक दाबून धरायची आणि ओरडायचं, "अहो, सिग्नल पडला! अहो, चला ना!" कुणी त्या जागेवर टेकायला लागलं की म्हणायचं, "माणूस आहे इथे, खाली गेलेत." गाडी हलली की हे दांडा धरून हसत हसत वर. एका हातात द्रोण.

"तू कधी उतरणार गं?" विचारायचे.

"आणि सामान कोण बघणार?"

यावर हे द्रोण माझ्यापुढे धरायचे.

मुलानं मेलबर्नला बोलावलं तेव्हा दोघांची तिकिटं काढली. मध्ये सिंगापूरला सात-आठ तास. मुलगा त्याला लेओव्हर म्हणतो. हे म्हणाले, "अगं, हॉल्ट आहे हॉल्ट! आणि विमानतळावरूनच बस असते म्हणे शहर दाखवायला, फुकट." मी वाल सोलत बसले होते. माझ्यासमोर पाट ओढून बसले आणि म्हणाले, "सामान परस्पर पुढच्या विमानात जातं. राखायला काही नाही. तुझी सबब संपली. यावेळी तूही उतरायचं. बोल, उतरशील?"

"बरं बाई, उतरेन," मी म्हटलं. वाल संपवायचे होते मला.

जायला महिना राहिला होता आणि हे गेले. सकाळचा चहा झाला, पेपर घडी करून ठेवला, आणि खुर्चीतच मान टाकली.

मला रडू आलं नाही. बायका म्हणायच्या, रडून घ्या वहिनी, मोकळ्या व्हा. दाढ काढायच्या आधी सुई देतात ना, तसं झालं होतं. गालाला हात लावला तर हाताला गाल कळतो, गालाला हात कळत नाही. दिवसवार झाले, माणसं आली, गेली. मी सगळ्यांना चहा दिला. मुलगा येऊन सगळं करून परत गेला आणि जाताना म्हणाला, "आई, तुझं तिकीट तसंच ठेवलंय. ये." म्हटलं येते. ये म्हणाला म्हणून येते, नको म्हणाला असता तर नको.

त्यानं व्हीलचेअर सांगून ठेवली होती. माझ्या पायांना काही झालेलं नाही, तीन जिने चढते अजून. पण आपल्याकडची सगळी मुलं आईबापांसाठी व्हीलचेअर सांगतात; म्हातारं माणूस हरवत नाही, इंग्रजी बोलावं लागत नाही, थेट विमानाच्या दारात नेऊन सोडतात. सिंगापूरला एका मुलानं मला ढकलत ढकलत एका मोठ्या दालनात आणलं, खुर्च्यांच्या रांगेत बसवलं आणि हातानं सांगितलं, इथेच थांबा. मेलबर्नहून मुलाचा फोनवर निरोप, "बसलीस ना? कुठेही हलू नकोस." मी टाईप केलं, "बसले."

आणि बसल्या बसल्या मी काय केलं असेल? पर्समधून तो निळा रुमाल काढला आणि शेजारच्या खुर्चीवर पसरला. मुद्दाम नाही गं. हात आपोआप गेला. पर्स पायाशी दाबली आणि समोरच्या काचेतून बघत बसले.

दालन भरत गेलं. एक चिनी आजी आली, माझ्याहून म्हातारी, काठी घेऊन. रुमालाकडे बोट दाखवून तिनं विचारलं काहीतरी. मी म्हटलं, "माय मिस्टर. कमिंग."

ती बिचारी मान हलवून बाजूला उभी राहिली. माणसाची जागा म्हटल्यावर तिनं वाद घातला नाही. काठीवर भार देऊन उभीच. मधूनमधून माझ्याकडे बघायची, मग दाराकडे. माझा मिस्टर यायची तीही वाट बघायला लागली! तेव्हा मला पहिल्यांदा नीट ऐकू आलं मी काय बोलले ते. कमिंग. कुठून कमिंग?

रुमाल उचलला. तिला म्हटलं, "सीट, सीट." ती बसली, आणि दाराकडे बोट करून हातानंच विचारलं, म्हणजे, तुझा माणूस? आता काय सांगणार? तिच्या शेजारी बसून राहणं मला शक्य नव्हतं. बसले असते तर तो येत नाहीये हे तिनं बसून बघितलं असतं. म्हणून मी उठले. काय गंमत झाली असेल बघ, व्हीलचेअरवरून आणलेली बाई ताडकन उठून चालायला लागली. रांगेतले दोघेतिघे तोंड उघडं टाकून बघत राहिले. देवळात नवस फळल्यावर बघतात तसे.

बसच्या काउंटरवर एक तमिळ मुलगी होती. माझं इंग्रजी ऐकून तिनं फॉर्म स्वतःच भरला. "आंटी, अलोन?" विचारलं.

मी म्हटलं, "अलोन." हा शब्दही मी पहिल्यांदाच उच्चारला. तोंडाला काही चव आली नाही त्याची.

शहर कसं होतं विचारशील तर स्वच्छ होतं. उंच इमारती, झाडं कापून गोल केलेली, हवा आपल्यासारखीच, अंगाला चिकटणारी. गाईड पोरगा मजेशीर बोलत असावा, सगळे हसत होते. मी बघत होते, पण घरी चालू असलेला टीव्ही बघावा तशी. नदीपाशी बस थांबली आणि तो म्हणाला, वीस मिनिटं, बॅगा राहू द्या, बसला कुलूप असतं. सगळे उतरले. एक नवराबायको राहिले होते, पंजाबी असावेत. नवरा उतरला, बायको म्हणाली, "मैं यहीं ठीक हूँ, आप देख आओ."

मी माझ्या जागेवर रुमाल पसरला. सवय. आणि उतरले.

काही झालं नाही. म्हणजे मला वाटलं होतं, उतरल्यावर काहीतरी होईल, सुईचा अंमल उतरेल, बांध फुटेल. काही नाही. पायाखाली फरशी होती. कठड्यापर्यंत गेले. पाणी बघितलं. एक गाडीवाला अननसाच्या फोडी विकत होता, त्या घेतल्या. काडीनं एक खाल्ली. मग वेळ झाला का बघायला मागे वळले.

बसच्या खिडकीत ती पंजाबीण बसली होती. काचेला नाक लावून, कपाळाला आठ्या घालून, हातानं नवऱ्याला खुणावत होती, चला, चला ना, जाईल बस! आणि नवरा माझ्यासमोरून निघाला होता, हातात आईस्क्रीम, हसत हसत, अजिबात घाई न करता.

अगं, ती मी होते. चाळीस वर्षं मी आतून फलाट बघितला होता, पण खिडकी बाहेरून कधी बघितलीच नव्हती. ह्यांना दर स्टेशनाला हे दिसायचं. चिडलेलं तोंड, हलणारा हात, आणि शेजारची राखून ठेवलेली जागा. म्हणून हे असे हसत यायचे. मला वाटायचं, माझी फजिती बघून हसतात.

तेव्हा तरी रडू यावं की नाही? नाही आलं. फक्त कळलं. अननस आंबट होता, तेही कळलं.

बसमध्ये रुमाल जागच्या जागी होता. पंजाबिणीला दोन फोडी दिल्या. ती म्हणाली, "कैसा था बाहर?"

मी म्हटलं, "उतरकर देखो."

"सामान?" ती म्हणाली. मला हसू आलं. महिन्याभरानं आलं असेल, पण गालाला नाही कळलं.

विमानतळावर परत आले तर माझा व्हीलचेअरवाला पोरगा घामाघूम होऊन मला शोधत होता. बोट नाचवून रागावला, मग खुर्चीत बसवलं. मी मुकाट्यानं बसले. चिनी आजी निघून गेली होती. मेलबर्नहून मुलाचा निरोप होता, "आहेस ना जागेवर?" मी लिहिलं, "आहे."

या गोष्टीला वर्ष होत आलं. मला विचारशील तर अजून तसंच आहे गं सगळं. सकाळी चहा करते, पेपर येतो. एमआयडीसीचा वास आला की खिडकी लावते. पण गाल कधीतरी परत येईल, असं डॉक्टर दाढेच्या वेळी म्हणाले होते, तेव्हा आला होता.

तुझी आई म्हणाली, पुढच्या महिन्यात परत तुझा मुंबईला हॉल्ट आहे, सकाळी येऊन संध्याकाळी जाणार. तुला कामं असतात, थकतेस, सगळं मान्य. पण त्या हॉटेलात झोपायचं ते इथे येऊन झोप. गादी घालून ठेवते, उठवणार नाही. सामान राहू दे विमानतळावरच, तिथे राखून ठेवतात. शीळ रस्त्याला मेट्रोचं खोदलेलं आहे, त्या बाजूनं नको येऊस, टॅक्सीवाल्याला ठाण्यावरून घ्यायला सांग. आणि खाली आलीस की हाक मार, मी खिडकीतच असेन. नाहीतर असं कर, कुठवर आलीस ते कळव, मी जिना उतरून नाक्यापर्यंत येते. पण ये बाळा. लवकर ये.