कान लावून ऐकायचं काम

उल्हासनगरात कॅम्प चारला आम्ही तिघं एका गाळ्यात टेबलं मांडून दुरुस्तीची कामं करायचो. मी मिक्सर आणि शेगड्या, दाराशी टीव्हीवाला, आणि आतल्या टेबलावर एक सिंधी काका. घरी लावायचं ऑक्सिजनचं मशीन बिघडलं की लोक त्यांच्याकडेच येत. मशीन उघडलं की काका आमच्याकडे पाठ करून बसत. एकदा मी डोकावले, तर म्हणाले, "अपना काम करो."

एका दुपारी चिखलोलीहून एक बाई रिक्षातून मशीन घेऊन आली. वडिलांना सिलिंडर लावून निघाली होती. "दोन तास पुरेल म्हणालेत, त्यातला अर्धा तास तर रस्त्यातच गेला," ती म्हणाली.

काकांनी मशीन चालू केलं, बंद केलं, पुन्हा चालू केलं. लाल दिवा जाईना. बाई खुर्चीवर बसायला तयार नव्हती. काकांच्या मानेवर घाम दिसत होता. अचानक ते माझ्याकडे वळले.

"बेटी, इकडे ये. कान लाव. फुस आवाज दोन्हीकडून सारखा येतो?"

"नाही. डावीकडून मोठा, उजवीकडून अगदी बारीक."

"नक्की?"

"तुम्हीच ऐका ना, काका."

"मला असा बारीक आवाज ऐकू येत नाही. सहा महिने झाले."

आपण हळू बोललो असं त्यांना वाटलं असावं. पण गाळाभर ऐकू गेलं. बाईचा चेहरा पांढरा पडला.

"उजवा व्हॉल्व्ह अडकलाय," काका म्हणाले. त्यांनी सांगितलं तसा मी तो खोलला, पुसला, पुन्हा बसवला. स्क्रू दोनदा हातातून निसटला. मग दोन्हीकडून सारखा आवाज आला. थोड्या वेळाने लाल दिवा गेला आणि बाई पळतच रिक्षात बसली.

तिचा फोन येईपर्यंत आम्ही कुणीच कामाला हात लावला नाही. वडील ठीक होते.

"आधी का नाही शिकवलंत?" मी जवळ जाऊन विचारलं.

"एकाला शिकवलं होतं. त्याने समोरच दुकान टाकलं."

"मग आज?"

"आज वो बूढ़ा उधर, सिलिंडर खत्म होने को..." काका स्क्रू डबीत टाकू लागले.

दुसऱ्या दिवशी टीव्हीवाल्याने सहज विचारलं, "काय ऐकलंस गं नेमकं?"

"ते काकांना विचार," मी पटकन म्हणाले. म्हणाले आणि स्वतःचीच लाज वाटली. इतकं लपवायला माझ्याकडे होतं तरी काय? एका दिवसाचं ज्ञान! मी स्टूल ओढून त्याच्याजवळ बसले आणि सगळं सांगितलं.