काळजाचं पाणी

कारापूरला आमच्या घराच्या सोप्यावर फळा लावून मी दहावीच्या मुलांना विज्ञान शिकवते. हृदयाचा धडा आजवर कितीतरी पोरांकडून घोकून घेतला असेल, पण माझ्या सख्ख्या धाकट्या भावाकडून घेताना जी मजा आली ती कधीच आली नव्हती. सूड उगवत होते मी, दुसरं काय!

आई त्याच्याकडे हरमलला राहायची. पर्यटकांचा सीझन चालू, भाड्याच्या खोल्या भरलेल्या, साहेबांना घरात बघायला सवड कुठली? आईला ताप येऊन गेला आणि मग धाप लागायला लागली. आडवं झालं की जीव गुदमरायचा, म्हणून ती उघड्या जनेलाशी, खिडकीच्या वाऱ्याला, मांडीवर उशी घेऊन पुढे वाकून बसून राहायची. "माझ्या काळजाचं पाणी झालंय रे," असं तिने त्याला सांगितलं. आता हे आमच्याकडे कोण म्हणत नाही? मालिकेतली सून रडली तरी बायका हेच म्हणतात. भाऊ हसला. "बालदी लावू काय खाली?" म्हणाला. वर शेजारणीला आईची नक्कल करून दाखवली.

त्या शेजारणीलाच राहवलं नाही, तिने मला फोन केला. मी तशीच निघाले. पोचले तर आईच्या मानेच्या शिरा टरारून फुगलेल्या. छातीला कान लावला, तर ठोके कुठून तरी लांबून आल्यासारखे. आणि हा अंगणात स्कूटर पुसत उभा! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण भांडायला वेळ नव्हता. शेजारणीच्या नवऱ्याने गाडी काढली आणि आम्ही इस्पितळ गाठलं.

डॉक्टरांनी पडद्यावर दाखवलं. "हृदयाभोवतीच्या पिशवीत पाणी साचलंय. आणखी उशीर केला असता तर अवघड होतं." मग सुई घालून ते पाणी काढलं. मी बाहेरच्या बाकावर बसून भावाला मनातल्या मनात इतक्या शिव्या घातल्या, की त्या मला येतात हे मलाच ठाऊक नव्हतं.

आईला मी सरळ कारापूरला आणलं. ती चालती-फिरती झाल्यावर भाऊ तिला न्यायला आला. हरमलला लोक 'आई कुठे?' म्हणून तोंडावर विचारायला लागले होते ना!

मी सोप्यावरच अडवला. हातात खडू दिला. "हृदय काढ."

"बाय, चेष्टा पुरे."

"चेष्टा तू केलीस. काढ."

त्याने आंब्यासारखं काहीतरी काढलं. मी कप्पे विचारले, तर दोन म्हणाला. मी त्याला सगळं पहिल्यापासून सांगितलं. मुठीएवढं असतं, दोन फुफ्फुसांच्या मधे, जरासं डावीकडे कललेलं. वर दोन अलिंद, खाली दोन निलय. डाव्या निलयाची भिंत सगळ्यात जाड, कारण सगळ्या अंगाला रक्त तिथून जातं. आणि या सगळ्याभोवती दुपदरी पिशवी, तिला परिहृद आवरण म्हणतात. दोन पदरांच्या मधे थोडंसं पाणी असतं, ठोका पडताना घासू नये म्हणून. मी म्हणायचे, तो मागून म्हणायचा. चुकला की पुसायला लावून परत काढायला लावलं. रस्त्याने जाणारे वळून बघत होते. बघू देत, मला तेच हवं होतं.

"आता सांग, बाहेरचा पदर पटकन ताणला जात नाही. मग आत पाणी वाढलं की काय होतं?"

"हृदय दाबलं जातं."

"मग?"

"रक्त भरत नाही आत."

"मग?"

त्याने खडू खाली ठेवला. "आई मरते," म्हणाला आणि रडायला लागला.

तेवढ्यात आई दारात आली. तिने सगळं ऐकलं होतं. मला वाटलं, संपलं, आता ही पाघळणार आणि पिशवी भरून याच्या मागे बसून जाणार. आईने पदराने त्याचे डोळे पुसले, गालावर हात फिरवला.

"जेवून जा," ती म्हणाली. "पण मी येत नाही बाबा. परत कधी दुखलं-खुपलं तर तुला सांगायचं माझ्या जिवावर येतं."

तो न जेवताच गेला. खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटलं.