उतरत्या पाठीच्या दोन गाड्या

माझी उमर बैलबाजारात गेली. कुणाला जोडी घ्यायची असली की मला सोबत नेत. पाठ सरळ की मागं पुठ्ठ्याकडं उतरलेली, एवढ्यावरून मी दुरूनच बैल ओळखायचो. त्याच डोळ्यानं मी एक गाडी ओळखली आणि शेजारच्या तरुणाच्या पोटावर पाय दिला. गाव अजून माझं तेव्हाचंच बोलणं खरं धरतं, म्हणून हे लिहितो.

गेल्या उन्हाळ्यात देवगाव फाट्यावर चहा पीत बसलो होतो. लांब बाभळीपाशी एक पांढरी गाडी थांबली. छपरापासून शेपटीपर्यंत पाठ उतरती. दोघं उतरले. मागची काच झाकणासकट वर गेली, उन्हात चमकली. त्यांनी घाईनं काहीतरी आत कोंबलं आणि निघून गेले. संध्याकाळी कळलं, आमच्या गावातल्या एका बाईच्या शेळ्या तिथूनच चोरीला गेल्या. त्या शेळ्यांवरच तिचं घर चालायचं.

पारावर मी छातीठोक सांगितलं, "उतरत्या पाठीची पांढरी गाडी व्हती. आपल्या गावात तशी एकच हाय."

ती शेजाऱ्याची. सेलूला भाडं मारायचा. तो मला आधीपासूनच खटकत होता. एवढ्यात गाडी आणली कशी, अवेळी जातो कुठं, असं मनात यायचंच. काचेचं मी बोललो नाही. त्यात सांगण्यासारखं काही वाटलंच नाही.

पोलिसांनी त्याला नेलं, विचारपूस करून सोडलं. गावानं सोडलं नाही. त्याच्या गाडीत कुणी बसेना. ठरलेली सोयरीक मोडली.

दिवाळीनंतर मला डोळे दाखवायला परभणीला जायचं होतं. फाट्यावर दुसरं वाहन नव्हतं. त्याच शेजाऱ्यानं गाडी थांबवली, "बसा काका." पिशवी मागं ठेवली. मी बसलो, पण सगळी वाट त्याच्यावर नजर ठेवून होतो. हा उगाच का बसवतोय?

दवाखान्यापाशी त्यानं पिशवी काढायला मागचं उघडलं. आखूड झाकण तेवढं वर झालं. काच जागच्या जागी.

"काच उघडत न्हाई का रं?"

"ही डिक्कीवाली हाय काका. काच पक्की बसवलेली. काचंसकट सगळी पाठ उघडती ती गाडी येगळी. लांबून दोन्ही सारख्याच दिसत्यात." मग माझ्याकडं बघत राहिला. "का इचारायलात?"

"असंच," म्हणालो.

बैल घेताना मी तोंड उघडून दात बघितल्याशिवाय कधी हात मिळवला नाही. इथं नुसत्या पाठीवर माणसाला चोर केलं. हे कळूनही पुढं कितीतरी दिवस गप्प बसलो. पारावर शब्द गेला होता ना.

शेवटी त्या बाईकडं गेलो. सगळं ऐकून ती म्हणाली, "त्येनं काय खाऊ घातलं तुमाला?"

"काय न्हाई, बाई."

"मग मला कानात कशाला सांगायलात? जितं बोल्लात, तितं बोला."

पारावर बोललो. एकजण हसला, "फुकट परभणी दाखिवली वाटतं काकाला!" बाकीचेही हसले.

बाई हसली नाही. तडक शेजाऱ्याच्या दारात गेली. आम्ही मागोमाग. तिनं सांगताच त्यानं झाकण उघडलं. तिनं दोन्ही तळवे काचेला लावून वर रेटून पाहिलं. मग कडेच्या रबरावरून बोट फिरवलं. काच हलली नाही. ती त्याला म्हणाली, "चुकलं बाबा माझं." तो झाकण लावून घरात गेला.

मला वाटलं, संपलं.

बाई माझ्याकडं वळली. "काचंसकट उघडलेलं तुमाला तवाच दिसलं व्हतं. तवा बोल्ला न्हाईत. आता बोलायलात. काका, त्या दिशी तुमी फाट्यावर कशाला गेलते?"

चहाला, म्हणालो. कुणीच हो म्हणून मान हलवली नाही.