दोन कड्यांची ढील
परवा शेजारच्या रानात नांगरट चालली होती. काळ्या मातीत मिसळलेला डिझेलचा वास आला आणि पोखर्णीकडची ती जीपची शर्यत आठवली. कापसाच्या पऱ्हाट्या उपटलेल्या रानात मातीचा गोल ट्रॅक आखला होता. जीप माझे दाजी चालवणार होते, दुरुस्ती माझ्याकडे होती. मागचं चाक फार खाली लोंबून वळणावर जीप कलंडू नये म्हणून अ‍ॅक्सलला साखळी बांधलेली. "मेव्हणे, जीप हाय ही, नांगर न्हाई. साखळीला हात लावू नका," दाजी हसत म्हणाले. पण नांगरताना ट्रॅक्टरच्या साखळ्या ढिल्या ठेवायची माझी जुनी सवय. चाक माती धरील म्हणून मी गुपचूप दोन कड्यांची ढील दिली. दुसऱ्या वळणावर जीप आतल्या बाजूनं उचलत गेली आणि उलटली. लोक दाजींकडे धावले. मी जीपच्या उघड्या पोटाशी जाऊन साखळी परत आवळली. "मीच स्टेअरिंग लय ओढलं, मेव्हणे," दाजी विव्हळत म्हणाले. खरंच ओढलं होतं, की माझ्या ढिलीनं घात केला, मला अजून उमगत नाही. त्यांचा उजवा हात आजही खांद्याच्या वर जात नाही. कुणी विचारलं की ते स्वतःचीच चूक सांगतात, आणि मी शेजारी बसून मान डोलावतो.