काकांचे मासे

शेंगदाण्याच्या पेंडीचा वास आला की शिरूर अनंतपाळजवळचं काकांचं आटत चाललेलं शेततळं आठवतं. लातूर नुकतंच जिल्हा झालेलं, पावसाचा पत्ता नाही, आणि काका सकाळीच माशांना टोपलीभर पेंड टाकून मोकळे व्हायचे. मी नांदेडला प्राणिशास्त्र शिकत होते. एकदम एवढं टाकू नका म्हटलं तरी ते ऐकेनात, शेवटी वैतागून एक रोहू चिरला आणि त्याचं लांबलचक आतडं त्यांना दाखवलं. "काका, याला जठरच नसतं. थोडं थोडं खाल्लं तरच आतडं ते शोषून घेतं. बाकीचं तसंच बाहेर पडतं आन् पाणी नासतं." "पोटच न्हाई म्हणतीस, मग खातंय कशाला? दुष्काळात मुक्या जिवाला अर्धपोटी ठिवायचं न्हाई बग." दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन टोपल्या टाकल्या. आठवडाभरात सगळे मासे उलटे होऊन तरंगले. काका काठावर बसून म्हणाले, "उपाशी तर मेले न्हाईत." आता मी शिकवते, वर्गात हे सांगितलं की मुलं हसतात, मला अजून हसू येत नाही.