जिवतीच्या दिव्यांच्या पोळ्या

माझी आई नव्वदी ओलांडून गेली. भेटायला आलेल्या बायकांना कळेना, यांतली पोटची कोण आणि सांभाळलेली कोण, कारण रडताना आम्ही सगळीच सारखी बेसूर. मी सांभाळलेली.

जन्म देणारी आई गेली तेव्हा मी सात वर्षांची होते. मामानं मला जानेफळला आपल्या चुलत बहिणीकडे आणून सोडलं, तीच ही आई. पोळ्यापर्यंत राहू दे, मग पाहू, म्हणाला. तिच्या घरी स्वतःची लेकरं होती, शाळेसाठी ठेवलेली नात्यातली होती, त्यांत मी. पहिल्याच दिवशी तिनं मला उन्हात बसवलं आणि डोक्यात तेल थापून उवा काढल्या. तोंड वाकडं केलं नाही. मला तिथून हलायचंच नव्हतं.

मी मनाशी ठरवलं, कामाच्या पोरीला कोणी परत धाडत नाही. मग काय विचारता! झाडलेलं अंगण मी पुन्हा झाडायची. वाळत घातलेले उडीद हलवायच्या नादात कोंबड्यांची सोय करून द्यायची. भरलेल्या रांजणात आणखी पाणी ओतायची, ते थेट चुलीत. माझ्या हुशारीला तोड नव्हती.

श्रावणातल्या शुक्रवारी जिवतीची पूजा होती. भिंतीवर जिवतीचा कागद लावलेला. संध्याकाळी लेकरांना ओवाळायचं म्हणून आईनं कणकेचे दिवे केले, वाफवायचे बाकी ठेवून ताटात मांडले आणि ती विहिरीवर गेली. मला दिसल्या कणकेच्या वाट्या, शेजारी शिजलेलं पुरण. पोळीसाठी अशीच वाटी करून तिच्यात पुरण भरतात, हे मला ठाऊक होतं. एवढंच ठाऊक होतं. मी एकेका दिव्यात पुरण कोंबलं, तोंड मिटलं आणि लाटून टाकलं. एक पोळी गोल होईल तर शपथ. काहींतून पुरण बाहेर डोकावून माझ्याकडे पाहत होतं.

आधी पाहिलं ते आईच्या सासूनं. म्हातारीनं कपाळावर हात मारला. जिवतीचे दिवे मोडले, उपऱ्या पोरीनं अपशकुन केला, आजच धाडून दे, असं ती आई घागर घेऊन येईपर्यंत बोलत राहिली. मी दाराआड. पोळा लांब होता, माझा मुक्काम आजच संपला असं वाटलं.

आईनं घागर उतरवली, ताट पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. रडते की काय म्हणून मी वाकून पाहिलं, तर बाई हसत होती.

"आत्याबाई, निरांजन हाये ना घरात," ती म्हणाली. "जिवतीले त्याचा उजेड काय कमी दिसते?"

संध्याकाळी तिनं त्या वेड्यावाकड्या पोळ्या तुपात भाजल्या, आम्हाला ओळीनं पाटावर बसवलं आणि मलाही ओवाळलं. जी लेकरं लांब असतात, त्यांच्या दिशेनं आई अक्षता टाकते. पुढे लग्न होऊन मी पिंपळगाव राजाला गेले, तेव्हा दर श्रावणात माझ्याकडेही अक्षता येत राहिल्या. शेवटी तिचा हात इतका थरथरायचा, की त्या भलत्याच गावांना जायच्या. तिथल्या लेकरांचंही भलंच झालं असेल.

पण मामा यायचा होताच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आला. मी धसक्यानं त्याच्यासमोर घासलेली भांडी पुन्हा घासायला घेतली. चहा पिता पिता त्यानं विचारलं, पोरीचं कसं करायचं. आई गहू निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "दादा, दिवाळीच्या सुट्टीत धाडीन तिले मामाच्या गावाले. शाळा उघडाच्या आंधी आनून घालजो मात्र."

मामानं बशी खाली ठेवली. मग हळूच "हाव" म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. माझ्या टाळक्यात मात्र अजून उजेड पडला नव्हता. हातात पातेलं घेऊन मी विचारलं, "मंग मले ठेवता का नेता?"

"अवं येडे," आई म्हणाली, "मामाच्या गावाले सुट्टीतच जात असतात. घर इथं हाये. आन ते पातेलं ठेव आता खाली, कल्हई जाईन त्याची."