एका बाहीचं वैर

"उसवताना ज्याने शिव्या खाल्ल्या, तोच कोट खरा," असं धारबाई म्हणायची. आणि शिव्या देण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

आमचं काम जुन्या लोकरी कपड्यांचे टाके काढायचं. लोकांनी टाकलेले कोट गठ्ठ्यांनी शेडमध्ये येत. आम्ही गुंड्या तोडायच्या, अस्तर सोलायचं, शिवणी उसवायच्या आणि उरलेली नुसती लोकर पुढे पिंजायला ढकलायची. हवेत लोकरीचा भुगा उडे, म्हणून शेडमध्ये शेगडीला बंदी, आणि भुगा बाहेर जावा म्हणून दार दिवसभर सताड उघडं. लोकरीच्या डोंगराला टेकून आम्ही कुडकुडत असू. घरी जाताना खिसे उलटे करून दाखवायचे. त्या डोंगरातली एक गुंडीसुद्धा आमची नव्हती.

दारातली जागा धारबाईची. बावीस वर्षं ती तिथं बसली. गळ्यात दोरीला बांधलेलं आकडीदार पातं आणि त्याहून बारीक धार जिभेला. खरं नाव मुकादमालाही आठवत नसे, आणि विचारायची त्याची छाती नव्हती.

ती धाकट्या भावाकडे राहायची. भावजयीला धारबाईची मान एकदा तरी खाली झालेली बघायची होती, आणि धारबाईला भावजयीची. मागच्या हिवाळ्यात दारातल्या वाऱ्याने धारबाईचा खोकला दोन महिने हटला नाही. यंदा थंडीच्या तोंडावर भावाने ठणकावलं, "ताई, सोमवारी अंगात धड कोट दिसला तर कामावर जा. नाहीतर मी स्वतः मुकादमाला सांगून तुझं नाव काढतो."

"खरंच वन्सं, घरीच बसा," भावजय साखर घोळून म्हणाली. "भांडीकुंडी, धुणं, पोरांचं, सगळं तुमच्याच हाती. मला तेवढाच आराम."

दारातला वारा परवडला, पण हिच्या मोरीपाशी फुकटची चाकरी नको, हे धारबाईने त्याच क्षणी ठरवलं.

शनिवारी दुपारी आम्ही चौघं कोटांच्या दुकानात गेलो. मी तिच्या शेजारच्या घरातली आणि शेजारच्या बाकावरची. "माझी पाठ मला दिसत नाही," ती मला म्हणाली, "आणि ही दोघं खरं सांगायची नाहीत. तू चल."

"या ताई, काय दाखवू?" दुकानदार हसत पुढे आला.

"कोट दाखव. दात नंतर."

त्याने चकचकीत, केसाळ गळ्याचा कोट पुढे केला. ससा सोलावा तसा धारबाईने तो एका हिसक्यात उलटा केला. "आतलं कापड चिकटवलंय. एकदा भिजला की छातीवर फोड येतील." दुसरा तिने खिडकीसमोर धरला. "उजेड आत येतोय. मग वारा काय बाहेर चपला काढून उभा राहणार?" तिसऱ्याचा एक धागा ओढून तिने काडी लावली. धागा वितळून त्याचा मणी झाला. "लोकर जळली की केस जळल्याचा वास येतो. ही तर बादली जळतेय!"

"बाई!" दुकानदाराचं हसू केव्हाच गळून पडलं होतं. "हे दुकान आहे, शवागार नाही."

"माहितीय. तिथं मेलेले तरी खरे असतात."

भावाचे कान लाल झाले. "ताई, लोक बघतायत. कुठलाही एक घे ना."

"असू द्या हो," भावजय स्टुलावर पाय हलवत म्हणाली. "वन्संच्या पसंतीचा कोट अजून मेंढीच्या अंगावर असेल."

ती मजेत होती. नाकारलेला प्रत्येक कोट तिला मोरीपासून एकेक पाऊल लांब नेत होता. आठ कोट झाले. नववा कोपऱ्यातल्या खुंटीवर एकटाच होता. आखूड, निळाकाळा, समोर गुंड्यांच्या दोन रांगा, उभी केली तर कानांपर्यंत येईल अशी रुंद कॉलर. "पीकोट," दुकानदार लांबूनच म्हणाला. "जहाजावरची माणसं घालतात. तुम्हाला जड होईल."

धारबाईने कापड मुठीत आवळलं आणि सोडलं. सुरकुती पडली नाही. खिशांचे कोपरे आडव्या टाक्यांनी बांधलेले, प्रत्येक गुंडीच्या पाठीमागे आधाराला दुसरी बारकी गुंडी. बावीस वर्षं कोटांचे जीव घेतलेल्या बाईला कोट कुठे मरतो ते माहीत असतं, आणि हा तिथंतिथं चिलखत घालून बसला होता.

"घालून तरी बघ," मी म्हणाले.

"घालीन. आधी त्याला विचारू दे."

तिने गळ्यातलं पातं काढलं, काखेची शिवण उलटवली आणि आकडी एका टाक्याखाली घातली. एकच टाका बघायचा होता तिला. मी शपथेवर सांगते. टाका तुटला नाही. तिने पातं पिळलं. टाका तसाच. मग तिच्या घशातून आम्हा शेडमधल्या बायांच्या ओळखीची गुरगुर निघाली. "निघ मेल्या!" त्यानंतर तिच्यासाठी दुकान नव्हतं, भाऊ नव्हता, सोमवार नव्हता, समोर फक्त एक माजलेला कोट होता. पातं अडे, ती हिसडे, पातं सरके, पुन्हा अडे. तिने त्या कोटाला शिव्या दिल्या, तो शिवणाऱ्याला दिल्या, त्याला सुई धरायला शिकवणाऱ्यालाही दिल्या. आम्ही जवळ जायला धजलो नाही. शेवटचा टाका तुटला तेव्हा उजवी बाही तिच्या हातात होती आणि कोट फळीवर आडवा, खांद्याला भगदाड घेऊन.



"हाच," धारबाई धापा टाकत म्हणाली. "हाच घेणार मी."

"घेणार? घ्यावाच लागेल!" दुकानदार ओरडला. "आणि माझा शिंपी याला सुई लावणार नाही. ज्या हातांनी उपटलीत, त्याच हातांनी लावा!"

तिने आपली पुरचुंडी तिथं मोकळी केली. भाऊ भिंतीकडे बघत राहिला. भावजयीच्या डोळ्यांत हसून पाणी आलं. "उसवता येतं वन्सं, पण जन्मात कधी टाका घातलाय का? धड कोट म्हणालेत हे. धड म्हणजे दोन बाह्यांचा!"

"दोन बाह्यांचा," भावानेही मान डोलावली.

ते खरंच होतं. टाके काढण्यात आयुष्य गेलेल्या त्या बाईने सुईत दोरा कधी ओवला नव्हता.

रविवारी सकाळी भावजयीने सुयांचा डबा कपाटात घालून कुलूप लावलं. धारबाई माझ्या दारात आली. जाड सुई मी दिली; वर म्हणाले, "आण, मी शिवते."

"हात लावलास तर हात तोडीन." दोरा तिने मोच्याकडून आणला होता, मेण लावलेला. माझ्या पायरीवर उन्हात बसून तिने कोट समोर धरला आणि बराच वेळ नुसती बघत राहिली. हातातून गेलेले हजारो खांदे ती मनात उसवत होती, शेवटच्या टाक्यापर्यंत. आणि तिथून उलटी निघाली. जे शेवटी निघतं ते आधी बसवायचं. बोटांतून रक्त आलं. तिच्या शिव्या ऐकून दुपारपर्यंत गल्लीतल्या कुत्र्यांनीही तो रस्ता सोडला. ऊन उतरलं तेव्हा बाही खांद्याला होती.

फक्त ती थोडी पुढे वळून बसली होती. धारबाईने कोट चढवला, तर उजवा हात खाली येईना. कोपर बाहेर, पंजा वर, जणू आता कुणाच्या तरी कानाखाली बसणार.

"उसवून नीट लाव," मी म्हणाले.

"हे उसवायला माझ्यासारखी दुसरी शोधून आण."

सोमवारी सकाळी ती कोट घालून उंबऱ्यात उभी राहिली. भाऊ वाट अडवून होता. त्याने दोन्ही हातांनी बाही धरली, पाय रोवला आणि ओढली. धारबाई हलली, बाही हलली नाही.

"वाकडी आहे ताई."

"पण आहे."

"शेडमध्ये हसतील की वन्सं," मागून भावजय म्हणाली. आज आवाजात साखर नव्हती.

"हसेल त्याला ही बाही जवळून दाखवीन."

भाऊ बाजूला झाला.

कॉलर कानांपर्यंत उभी करून धारबाई धुक्यात चालू लागली. तो उगारलेला हात बघून समोरून येणारा पाववाला सायकलवरून उतरला आणि भिंतीला चिकटून उभा राहिला. भाऊ पायरीवरून बघत होता. भावजय मोरीच्या खिडकीतून बघत होती आणि मागे खरकट्या भांड्यांवर नळ धो धो वाहत होता. मी माझ्या दारात पातळ शाल गुंडाळून उभी होते. जायचं मलाही तिकडेच होतं, पण मी तिला बरीच पुढे जाऊ दिली.